हरवलेला पाना

लढाऊ विमानांच्या स्क्वाड्रनमध्ये दिवस सुरू होतो तो मान खाली घालून. एअरमनपासून अधिकाऱ्यापर्यंत सगळे एका ओळीत, खडा, वॉशर, तारेचा तुकडा वेचत संथ चालतात. तांदूळ निवडणाऱ्या आजीला हा 'फॉड वॉक', म्हणजे विमानाला इजा करू शकणारा सुटा कचरा वेचण्याची फेरी, समजावून सांगावा लागला नसता.

जेट इंजिन हवा ओढतं, सोबत खडाही ओढतं. आत हवा दाबणाऱ्या कॉम्प्रेसरच्या एका पात्याला खाच पडली की तिथून चीर जाते, तुकडा सुटतो आणि मागच्या पात्यांचा भुगा होतो. २००२ साली लोहगावला दाखल झालेल्या सुखोई-३० एमकेआय या लढाऊ विमानाच्या इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनात हवा शिरते त्या तोंडात, यासाठी उघडमीट होणारी जाळी आहे. पण जाळी टायर वाचवत नाही. २००० साली पॅरिसला काँकॉर्ड या प्रवासी विमानाचा टायर फाडला तो धावपट्टीवर पडलेल्या जेमतेम ४३ सेंटिमीटरच्या धातूच्या पट्टीने.

कचरा बाहेरूनच येतो असंही नाही. लॉकिंग वायरचं, म्हणजे बोल्ट सैल होऊ नये म्हणून बांधायच्या तारेचं बघा. तारेचे दोन पदर बोल्ट आवळण्याच्या दिशेने ओढ बसेल असे घ्यायचे, इंचाला सहा-आठ पीळ द्यायचे आणि शेपूट कापून टोक आत वळवायचं. कापताना शेपूट दुसऱ्या हाताने धरलं नाही, तर 'टिंग' असा बारीक आवाज येतो. तुकडा कुठे गेला ते कळत नाही, आणि चहा गार होईपर्यंत तोच शोधावा लागतो.

पण खरी धांदल हरवलेल्या पान्याची. हत्यारांच्या फळीवर प्रत्येकाची आकृती कोरलेली. दहा नंबरच्या पान्याची खाच रिकामी दिसली की विमान जागेवरच थांबतं. आधी खिसे, मग टॉर्च आणि आरसा घेऊन पॅनेलच्या आत, इनटेक, शेवटी कॉकपिटचा तळ. तिथे सुटं काही राहिलं, तर विमान उलटं झाल्यावर तेच तरंगत येऊन कंट्रोल स्टिकच्या बुडाशी अडकू शकतं. म्हणून कॉकपिटमध्ये शिरण्याआधी खिशातली चिल्लरही बाहेर काढायची. संकटात वैमानिकाला बाहेर फेकणारी इजेक्शन सीट उचलावी लागली, तर आधी ती चुकून उडू नये म्हणून लावलेल्या सेफ्टी पिना जागेवर आहेत याची खात्री, आणि हात फक्त त्या कामाच्या ट्रेडवाल्यांचा. तासाभराचं काम सहज दिवस खातं.

पाना बहुतेक वेळा शेजारच्या विमानाच्या पेटीत सापडतो, कुणीतरी 'दोन मिनिटांसाठी' नेलेला. तो खाचेत परत बसतो, फॉर्म ७०० वर, म्हणजे विमानाच्या देखभालीच्या नोंदवहीत, सही होते, आणि तोवर ऊन उतरलेलं असतं.