सरांच्या हातातला खडू

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिही, असा निरोप आला आणि डोळ्यांसमोर उभा राहिला तो खडू.

अकरावीचं वर्ष. नाशिकला गोदावरीला पूर आला होता, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेपर्यंत पाणी, त्यामुळे पंचवटीकडची मुलं आलीच नव्हती. अर्ध्या रिकाम्या वर्गात रसायनशास्त्राच्या सरांनी धडा काढला तो अधिशोषण आणि शोषणाचा. आम्हाला दोन्ही सारखंच वाटायचं. नुसता 'अधि'चा फरक!

सरांनी फळ्यावर काहीच लिहिलं नाही. दौतीतल्या निळ्या शाईत खडू बुडवला, थोड्या वेळाने काढला आणि कट्‌कन मोडला. बाहेरून गडद निळा, आत पांढरा. "आत बोट लावून बघ," म्हणाले. लावलं, तर तो पांढरा भाग ओला लागला. पाणी खडूच्या पोटात शिरलं होतं, ते शोषण. शाईचा रंग मात्र बाहेरच, पृष्ठभागाला धरून बसला होता, ते अधिशोषण. घरी रात्री भिजत घातलेले बेदाणे सकाळी टम्म फुगतात, तेही शोषणच, हे मला त्याच दिवशी कळलं. अ‍ॅडसॉर्प्शन, म्हणजे अधिशोषण, हा शब्द १८८१ साली जर्मन शास्त्रज्ञ हाइनरिख कायझर यांनी वापरात आणला, हेही सरांनीच सांगितलं.

आज मी सातपूरला पाणी शुद्धीकरणाच्या कामात आहे. करवंटीपासून केलेला अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन रोज हाताखालून जातो. चिमूटभर काळे दाणे, पण त्यांच्यात इतकी सूक्ष्म छिद्रं, की एका ग्रॅमचा पृष्ठभाग ५०० चौरस मीटरहून जास्त भरतो. पाण्यातली दुर्गंधी आणि रंग या पृष्ठभागावर अडकतात.

नोकरीच्या सुरुवातीला एका फिल्टरच्या पाण्याला वास यायला लागला. मी बॅकवॉश दिला, म्हणजे उलट्या दिशेने पाणी सोडून फिल्टर धुतला, एकदा नाही, तीनदा. दाणे स्वच्छ, टणक दिसत होते, वजनातही जड झालेले वाटत नव्हते. वास जाईना. रात्री घरी आल्यावर खडू आठवला. बॅकवॉशने दाण्यांमधला गाळ निघतो. छिद्रांच्या भिंतींना चिकटलेलं नाही निघत. दाणे 'भरलेले' दिसणारच नव्हते, त्यांच्या पृष्ठभागावरची जागा संपली होती. सकाळी कार्बन बदलला, संध्याकाळपर्यंत पाण्याचा वास गेला.

सरांना हे सांगायचं राहून गेलं. म्हणून इथे लिहितो आहे.