मुठेत सापडला बोंबील

यादी उघडली तेव्हा वरच्या ओळी ओळखीच्याच होत्या: चिलापी, गप्पी, मरळ, शिंगाळा, रोहू, कटला. मुठेच्या पुणे शहरातल्या पट्ट्यात याहून वेगळं काही मिळेल असं वाटलंच नव्हतं. त्यांच्याखाली मात्र बोंबील होता. तोही निसटता नाही, चांगला ठसठशीत. आणि त्याच्याखाली बांगडा.

आमचं काम मासा न पकडता मासा ओळखण्याचं. मासे पाण्यात अंगावरचा बुळबुळीत स्राव, पेशी, विष्ठा सोडत राहतात आणि त्यात त्यांचा डीएनए असतो. लिटरभर पाणी ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून ओढायचं (मुठेच्या गाळामुळे फिल्टर इतक्या लवकर तुंबतो की पिचकारी दाबून मनगट भरून येतं), त्यावर अडकलेला डीएनए वेगळा काढायचा आणि ‘मायफिश’ प्रायमर (डीएनएचा ठरावीक भाग हेरणारे छोटे तुकडे) वापरून त्यातल्या माशांच्याच एका तुकड्याच्या भरपूर प्रती काढून तो वाचायचा. हे प्रायमर जपानच्या मासाकी मिया यांच्या गटाने २०१५ मध्ये प्रसिद्ध केले. तुकडा जेमतेम १७० अक्षरांचा, पण बहुतेक वेळा जात कळायला तो पुरतो. मासा पाण्यात पोहत होता की कुणाच्या मोरीत धुतला गेला, हे मात्र त्यातून कळत नाही.

पहिला संशय अर्थात प्रयोगशाळेवर. डब्यात कुणी काय आणलं होतं याची चौकशी झाली, आमच्यातली मालवणची मुलगी उगाचच आरोपी ठरली. पण नदीकाठी सोबत नेलेलं शुद्ध पाणीही आम्ही त्याच पद्धतीने गाळतो, आणि ते कोरं आलं होतं. खडकवासला धरणाच्या वरच्या बाजूच्या नमुन्यांत एकही समुद्री मासा नव्हता. बोंबील फक्त शहरात, नाला मिळतो त्याच्या खाली. शिवाय नमुने घेतले होते सोमवारी सकाळी. रविवारी पुण्यात किती घरांत मासळी साफ होते आणि ते पाणी शेवटी कुठे जातं, हे सांगायला नको.

सर म्हणाले, “समुद्रातले गाळून टाक, उरलेली यादी अहवालात घे.” बरेच जण तसंच करतात. मला ते पटेना. बोंबील नाल्यातून आला असेल, तर रोहू-कटला पोहत आले कशावरून? बाजारात ते बोंबलाच्या शेजारच्याच पाटीत असतात. गप्पीचं ठीक आहे, तो कुणी खात नाही. बाकी खाण्याजोग्या प्रत्येक नावावर आता शंका होती. कर्नल साइक्स या ब्रिटिश अधिकाऱ्याने खडशीचं, म्हणजे इथल्या महसीर माशाचं, वर्णन १८३९ मध्ये केलं ते याच मुळा-मुठेतल्या माशावरून. उद्या शहरात तिचा डीएनए मिळाला की ‘नदी सुधारली’ म्हणून बातमी यायला वेळ लागणार नाही, आणि तो एखाद्या हॉटेलच्या मोरीतून आलेला असेल तर?

तोडगा सुचवला आमच्याबरोबर नमुने घ्यायला येणाऱ्या दादाने. “ताई, मार्गशीर्षातल्या गुरुवारी पाणी घेऊ. बुधवारीच लोकांची भांडी घासून झालेली असतात.” हसलो सगळे, पण याहून स्वस्त चाचणी मला तरी सुचत नव्हती. वाहत्या पाण्यातला डीएनए पुढे निघून जातो, विरतोही. घरातून येणारा थांबला तर फरक दिसायला हवा.

गुरुवारी दुपारी उशिरा, त्याच नाल्याखाली पुन्हा पाणी घेतलं. बांगडा गेला, बोंबील पुसट झाला, कटला दिसलाच नाही. चिलापी आणि रोहू होते तसेच. त्याच दुपारी थोडं खाली एक जण फेकजाळं टाकत होता, त्याच्या पिशवीत चिलापींच्या ढिगात दोन रोहू होते. एका गुरुवारवर कुणी शोधनिबंध लिहू नये, हे मलाही कळतं. कटला त्या दिवशी नुसताच हुकला असेल. पुढच्या फेरीत डीएनएसोबत आरएनएही तपासायचं ठरलंय. तो पाण्यात लवकर नष्ट होतो, त्यामुळे मिळाला तर मासा तिथे आत्ताच होता असं म्हणायला जास्त आधार मिळतो. खर्च वाढेल, नमुने बर्फात ठेवून पळवावे लागतील.

अहवालात बोंबील आणि बांगडा ठेवले, ‘सांडपाण्यातून आलेले’ अशा वेगळ्या रकान्यात. कटल्यापुढे प्रश्नचिन्ह. सरांनी थोडी कुरकुर केली, मग स्वतःच तक्त्याचं ‘नदीतील मासे’ हे शीर्षक खोडून ‘पाण्यात आढळलेला माशांचा डीएनए’ असं लिहिलं.