डांबर, दुधाच्या पिशव्या आणि आमची वाटचाल

२००९ साली सांगलीजवळ कुपवाड एमआयडीसीत पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही रस्त्याच्या मालाची मटेरियल टेस्टिंग लॅब टाकली. सामान म्हणजे डांबरी मालाचे नमुने ठोकायचा मार्शलचा हातोडा, सीबीआरचे (मातीची भार पेलायची ताकद मोजायच्या चाचणीचे) साचे, चाळण्या आणि दाजींचा जुना तराजू. दाजी म्हणजे माझ्या बहिणीचे मालक आणि धंद्यातले पहिले भागीदार. साडेचार किलोचा हातोडा हातानंच उचलायचा, ४५७ मिलिमीटरवरनं सोडायचा, ७५ ठोके, मग साचा उलटा करून पुन्हा ७५. दाजी मोठ्यानं मोजायचे, आणि मध्ये कुणी बोललं तर पहिल्यापासनं. आता ऑटोमॅटिक मशीन आहे, पण तो हातोडा मी विकलेला नाही.

प्लॅस्टिकच्या रस्त्याचा नाद दाजींचाच. मदुराईच्या प्रा. वासुदेवन यांची पद्धत, त्यावर इंडियन रोड्स काँग्रेसनं २०१३ साली काढलेली मार्गदर्शिका, सगळं त्यांना पाठ. तापलेल्या खडीवर आधी प्लॅस्टिकचा चुरा, त्याचा खडीला थर बसला की मगच डांबर. प्रमाण डांबराच्या वजनाच्या ६ ते ८ टक्के, म्हणजे टनभर मालात फार तर चार किलो. दुधाच्या पिशव्या चालतात. पीव्हीसी, म्हणजे पाइपांचं प्लॅस्टिक, अजिबात नाही, तापलं की विषारी वायू सोडतं.

२०१७ साली आमच्या मिक्स डिझाइनवर (खडी, डांबर, प्लॅस्टिक किती घालायचं ते) जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या एका कंत्राटदारानं दीड किलोमीटर रस्ता केला. पहिल्याच पावसात कारपेट, म्हणजे डांबराचा वरचा थर, पापडासारखं निघालं. गावातल्याच दुसऱ्या लॅबवाल्यानं संधी साधली आणि ‘प्लॅस्टिकवाल्यांनी रस्ता घालवला’ असं ऑफिसा-ऑफिसांतनं सांगत फिरला. हातातली सहा कामं गेली. दाजींनी फंडातले पैसे काढून दोन महिन्यांचे पगार भागवले, बहिणीला न सांगता. (तिला हे आता इथंच कळेल.)

तेव्हा विट्याकडचे आमचे जुने गिऱ्हाईक अण्णा आले. म्हणाले, “रडत बसू नका, कोर काढा. पैसे मी देतो.” त्या रस्त्याचे पाच कोर, म्हणजे कापून काढलेले गोल नमुने, काढले. पहिला हातात धरला तर भाकरीसारखा मोडला. खडी धुतल्यासारखी स्वच्छ, डांबराचा मागमूस नाही. आणि मधोमध राखाडी पाइपाचा नखाएवढा तुकडा, न वितळलेला. द्राक्षबागेतले जुने पीव्हीसी पाइप फोडून कंत्राटदारानं डांबराबरोबरच प्लांटमध्ये ओतले होते! शिवाय खाली काळी माती आणि साइड गटर कागदावरच. फोटोंसह रिपोर्ट दिला. वाचला किती जणांनी, देव जाणे. त्या कंत्राटदाराकडनं आमचं बिल अजून येणं आहे.

अण्णांनी मात्र त्याच डिझाइनवर नदीकाठचं काम केलं. २०१९ च्या ऑगस्टात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, तो रस्ता आठवडाभर पाण्याखाली. पाणी उतरल्यावर बाजूपट्ट्या गायब, कारपेट जागेवर. नंतरची वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

नव्या पोरांना एकच: आधी गटर खणा, मग डांबराच्या ग्रेडवर वाद घाला. आणि प्लांटवर थर्मामीटर स्वतःचा न्या, तिथला नेहमी ‘कालच बिघडलेला’ असतो.

सध्या साखर कारखान्याची बगॅसची (उसाच्या चिपाडाची) राख आणि चुना काळ्या मातीत मिसळून बघतोय. सीबीआरचे साचे चाचणीआधी चार दिवस पाण्यात असतात. आजच बुडवलेत, सोमवारी काढायचे. दाजी रविवारीच येऊन बसतील.