इझनिक: बायबलात नसलेल्या एका शब्दाचं गाव

इस्तंबूलच्या येनिकापी धक्क्यावरून यालोवाची फेरीबोट आणि पुढे ओरहानगाझीमार्गे मिनीबस, असं मी इझनिक गाठलं. हेच जुनं निकेआ. इ.स. 325 मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइनने बिशपांची पहिली मोठी परिषद भरवली ती इथे.

गावाच्या मधोमध आयासोफ्या हे जुनं चर्च आहे आणि बहुतेकांची फसगत तिथेच होते. तिथली परिषद 787 ची, प्रतिमापूजेच्या वादाची. 325 ची बैठक राजवाड्यात भरली होती, आणि तो राजवाडा आज कुणी दाखवू शकत नाही. आयासोफ्यात आता मशीद आहे, म्हणून नमाजाची वेळ टाळून जावं. रस्त्याच्या पातळीपासून पायऱ्या उतरून आत गेलं की पूर्वेच्या अर्धवर्तुळाकार कोनाड्यात पायऱ्यांसारखे दगडी टप्पे दिसतात. धर्मगुरूंची बसायची जागा ती.

325 चा पेच समजून घेतल्याशिवाय हे गाव म्हणजे नुसती तटबंदी आणि निळ्या फरशा. अलेक्झांड्रियाचा धर्मगुरू एरियस म्हणे, पुत्र, म्हणजे येशू, हा देवाने निर्माण केलेला. आधार? बायबलातलं नीतिसूत्रे 8:22, जिथे ज्ञान स्वतःच्या उगमाबद्दल बोलतं; हे ज्ञान म्हणजेच पुत्र, असं दोन्ही बाजू मानत. हिब्रूतल्या क्रियापदाचा अर्थ ‘मिळवलं’ असाही होतो, पण ग्रीक भाषांतरात ‘निर्माण केलं’ आलं, आणि वाद घालणारे ग्रीकच वाचत होते. शिवाय योहान 14:28, ‘पिता माझ्यापेक्षा थोर’. विरोधक योहान 10:30 पुढे करत: ‘मी आणि पिता एक आहोत’. वचनाला वचन. एरियसचा कट्टर विरोधक अथनेशियस सांगतो, बिशपांना शास्त्रातलेच शब्द वापरायचे होते. पण ‘देवापासून’ म्हटलं की एरियसचे पाठीराखे मान डोलावत, सगळंच देवापासून आहे म्हणत. शेवटी बायबलात कुठेही नसलेला ‘होमोऊसिओस’, म्हणजे एकाच तत्त्वाचा, हा शब्द मतांगीकारात, म्हणजे श्रद्धेच्या अधिकृत जाहीरनाम्यात, घातला. हा शब्द अनेकांच्या घशाखाली उतरत नव्हता, कारण 268 मध्ये अंत्युखियाच्या सभेने तोच नाकारला होता. माझ्या मते निकेआचं खरं धाडस हेच: वचनाचा अर्थ राखायला वचनाबाहेर पाऊल टाकणं.

हजर बिशपांचा पारंपरिक आकडा 318. तो मोजणीतून आलेला वाटत नाही. उत्पत्ती 14:14 मधल्या अब्राहामाच्या सेवकांची संख्याही 318 आहे!

तलावाकाठी सकाळी जावं, पाणी शांत असतं. 2014 मध्ये हवाई छायाचित्रांत सापडलेल्या बुडालेल्या बॅसिलिकाचा, म्हणजे प्राचीन चर्चचा, पाया काठापासून जेमतेम वीस मीटरवर आहे. पाणी किती उतरलंय त्यावर काय दिसेल ते ठरतं. अर्धवर्तुळाची कड ओळखली की बाकीच्या भिंती आपोआप उलगडतात. 28 नोव्हेंबर 2025 ला पोप लिओ चौदावे यांनी याच अवशेषांजवळ प्रार्थना केली.

बायबलची पुस्तकं इथे मत घेऊन ठरवली, हे कुणी सांगितलं तर मानू नका. परिषदेचे नियम वीस, त्यात पुस्तकांची यादी नाही. नव्या कराराच्या नेमक्या 27 पुस्तकांची यादी अथनेशियसच्या 367 च्या पत्रात येते. विसावा नियम आहे तो रविवारी गुडघे न टेकता उभ्याने प्रार्थना करण्याचा.