'गोइंग टू'चा प्रवास

इंग्रजीतील 'विल' आज केवळ भविष्यकाळाची खूण वाटत असले, तरी जुन्या इंग्रजीत ते 'इच्छिणे' या अर्थाचे स्वतंत्र क्रियापद होते. स्वतंत्र अर्थाचा शब्द अशी व्याकरणाची खूण बनण्याला फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ आंत्वान मेये यांनी १९१२ साली 'व्याकरणीकरण' या अर्थाचे नाव दिले.

मला 'गोइंग टू'चे उदाहरण अधिक बोलके वाटते. आधी हे शब्द वापरले, की माणूस काही करण्यासाठी खरोखरच कुठेतरी जात असे. पुढे जाण्यामागचा हेतूच ठळक होत गेला, प्रत्यक्ष चालणे मागे पडले आणि 'इट इज गोइंग टू रेन' (पाऊस पडणार आहे) हे वाक्य, ज्यात कोणीच कुठे जात नाही, सहज रुळले. अर्थाबरोबर उच्चारही झिजून 'गॉना' झाला, पण केवळ भविष्यकाळ दाखवणाऱ्या व्याकरणिक रूपात: 'आय ॲम गॉना स्लीप' चालते, 'आय ॲम गॉना लंडन' मात्र कोणी म्हणत नाही.