तुम्ही विचारलंत म्हणून: मॉफ का सोडलं?

८ ऑक्टोबर २०२५ च्या दुपारी किटागावा, रॉबसन आणि याघी यांना मॉफसाठी (मेटल-ऑरगॅनिक फ्रेमवर्क, म्हणजे धातूचे सांधे आणि सेंद्रिय रेणूंचे वासे जोडून केलेले सच्छिद्र स्फटिक) रसायनशास्त्राचं नोबेल जाहीर झालं आणि रात्रीपर्यंत मला सगळ्यांनी एकच गोष्ट विचारली. आत्यानं विचारलं, जुन्या लॅबमेटनं विचारलं, माझ्या विद्यार्थ्यांनीही विचारलं: "मॅडम, तुमची पीएचडी मॉफवरच ना? मग अ‍ॅल्युमिनाकडे कशाला वळलात?" (अ‍ॅल्युमिना म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं ऑक्साइड.) इतकी वर्षं मी "फंडिंग संपलं" असं सांगून वेळ मारून नेली. ते खोटं नाही. पण खरं कारण ते नव्हे.

माझं संयुग एमओएफ-५ या मॉफच्या कुळातलं. सांध्यांना जस्त-ऑक्सिजनचे पुंजके, मधले वासे टेरेफ्थॅलिक आम्लाच्या जातीचे. डिसेंबर २०११ मध्ये ओव्हनमधून बाटली काढली तेव्हा तळाशी खडीसाखरेसारखे चौकोनी, स्वच्छ स्फटिक होते. छिद्रांत अडकलेलं डीएमएफ हे द्रावक बदलून घेतलं, रात्रभर व्हॅक्यूमवर ठेवलं, आणि बीईटीचा (छिद्रांसकट पृष्ठभाग मोजण्याच्या पद्धतीचा) आकडा आला ग्रॅमला २,४१० चौरस मीटर. मी त्या रात्री जेवले नाही, आनंदानं.

शोधनिबंध गेला. जूनमध्ये परीक्षकांनी मोजमाप पुन्हा करायला सांगितलं. साधी मागणी होती.

तोवर पुण्यात पाऊस लागला होता. ग्लव्हबॉक्स (हवा-ओल आत न येणारी बंद पेटी) दुसऱ्या गटाचा, त्यात आमचा नंबर लागेना. डेसिकेटरमधली ओल शोषणारी निळी सिलिका दोन दिवसांत ओलीनं गुलाबी पडायची. नवे स्फटिक सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले आणि बघता बघता ते कडेकडेनं दुधाळ होत गेले. एक्सआरडीत (क्ष-किरणांनी स्फटिकाची रचना तपासताना) ६.९ अंशांवरचं उंच शिखर खचलं आणि ८.९ वर, जिथे काहीच असायला नको, तिथे नवं उभं राहिलं. हवेतलं पाणी जस्ताला जाऊन चिकटलं होतं, वासे सांध्यांतून सुटले होते. आकडा आला ५९०. पुन्हा केलं: ६४०. तीन आठवडे मी कुणाला काही बोलले नाही.

शेवटी सांगितलं तेव्हा सर, म्हणजे माझे पीएचडीचे गाइड, शांतपणे म्हणाले, "डिसेंबरातला आकडा खोटा आहे का? नाही ना? मग तोच राहू दे. हिवाळ्यात पुन्हा कर." त्यांनी मला खोटं बोलायला सांगितलं असं मी कधीच म्हणणार नाही. आकडा खरा होता. यंत्रानंच दिला होता.

पण डिसेंबरात मी तीन नमुने मोजले होते. २,४१०, १,७८० आणि १,१५०. निबंधात पहिला गेला. बाकीचे दोन माझ्या वहीत राहिले, आणि सरांनी ते कधी पाहिले नव्हते. निवड माझी होती.

तेव्हाची मी याला उत्तर देईल, ते मला पाठ आहे. "कमी आकडा म्हणजे छिद्रं नीट रिकामी झाली नाहीत. सगळेच सर्वांत चांगला नमुना देतात." आणि ती पूर्ण चूक नाही! एमओएफ-५ चा १९९९ चा आकडा २,९०० होता. २००७ मध्ये हवा अजिबात लागू न देता केलेल्या नमुन्यानं ३,८०० दिला. पदार्थ तोच, फरक हाताळणीचा. मग माझे १,१५० चुकीचे की २,४१० नशिबाचे? ते मला आजही ठरवता येत नाही. मी निबंध मागे घेतला, तिन्ही आकडे आणि पावसाळ्याचे दोन घालून पुन्हा लिहिला. दोन ठिकाणांहून परत आला. सर माझ्याशी कामापुरतंच बोलू लागले. थीसिस झाला, आणि मी असा पदार्थ शोधला जो जुलैत उघड्यावर ठेवता येतो.

हे प्रामाणिकपणाचं कौतुक म्हणून वाचू नका. ऑस्लो विद्यापीठाचं झिर्कोनियमवालं मॉफ, यूआयओ-६६, २००८ पासून सगळ्यांसमोर होतं, पाण्याला दाद न देणारं. मला तिकडे वळता आलं असतं. मी मात्र एका जस्तावरून सगळ्या मॉफना नावं ठेवली, सेमिनारमध्ये उभी राहून ठेवली. आज जस्ताचंच मॉफ, कॅल्फ-२०, सिमेंट कारखान्याच्या धुरातला, वाफेसकटच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड पकडतं. आणि अ‍ॅल्युमिनियमचं एमओएफ-३०३ वाळवंटातल्या हवेतून पिण्याचं पाणी ओढतं. ज्या पाण्यानं माझे स्फटिक खाल्ले, तेच पाणी. ही बातमी वाचून मला आनंद झाला, आणि पोटात तुटलंही.

अ‍ॅल्युमिनावर माझा जीव आहे, ती तडजोड नव्हे. उत्प्रेरकाचा आधार म्हणून ते वर्षानुवर्षं भट्टीत टिकतं. ग्रॅमला २०० चौरस मीटर, पण आषाढात मोजा नाहीतर पौषात.

गेल्या आठवड्यात एका विद्यार्थिनीनं जस्ताचं मॉफ करू का म्हणून विचारलं. मी लगेच हो म्हणाले नाही, नाहीही म्हणाले नाही. तिला जुनी वही दिली, डिसेंबर २०११ चं पान उघडून.