लीज ८० वर्षांवर येण्याआधी

इंग्लंडमध्ये आपण फ्लॅट विकत घेतला म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा आपण लीज घेतलेली असते. इमारत आणि जमीन फ्रीहोल्डरची, आपल्याकडे ठरावीक वर्षांचा हक्क. नवी मुंबईत सिडकोच्या ६० वर्षांच्या लीजची काळजी सोसायटी वाहते. इथे ती ज्याची त्याने वाहायची. मुदत ८० वर्षांवर येण्याआधी लीज वाढवून घ्यायची, आणि त्यासाठी फ्रीहोल्डरकडून आठवणीची वाट पाहू नका. मुदत घटते तसा फायदा त्याचाच वाढतो.

सगळ्यात आधी लीज काढा आणि मुदत कोणत्या तारखेपासून धरली आहे ते वाचा. सहीची तारीख पुष्कळदा वेगळी असते. समजा सही फेब्रुवारी २००९ ची आहे, पण आत लिहिलंय ‘२४ जून २००८ पासून ९९ वर्षं’. (२५ मार्च, २४ जून, २९ सप्टेंबर आणि २५ डिसेंबर या इथल्या जुन्या तिमाही भाड्याच्या तारखा, लीजमध्ये त्या वारंवार भेटतात.) सहीवरून मोजणाऱ्याला वाटतं, ८० वर्षं उरायला फेब्रुवारी २०२८ उजाडेल. प्रत्यक्षात ती वेळ जून २०२७ मध्येच येते.

हे आठ महिने महाग पडतात. लीजविषयीच्या १९९३ च्या कायद्याने उरलेल्या मुदतीवर आणखी ९० वर्षं मिळतात आणि ग्राउंड रेंट (फ्रीहोल्डरला द्यायचं जमिनीचं वार्षिक भाडं) नाममात्र, म्हणजे ‘एक मिरीचा दाणा’ होतो. त्याची किंमत म्हणून फ्रीहोल्डरला प्रीमियम द्यायचा. मुदत ८० वर्षांपेक्षा जास्त असेल तर प्रीमियमचे भाग दोनच: बुडणाऱ्या ग्राउंड रेंटची भरपाई, आणि फ्लॅट परत मिळायला ९० वर्षं उशीर होणार त्याची भरपाई. ८० किंवा त्याहून कमी उरली की तिसरा भाग येतो, मॅरेज व्हॅल्यू. लीज वाढल्यामुळे एकूण किमतीत जी भर पडते, तिचा अर्धा वाटा फ्रीहोल्डरचा.

आकडे घालून पाहू. लांब लीजसह फ्लॅटची किंमत ३,००,००० पौंड, ग्राउंड रेंट वर्षाला १०० पौंड, पुढे मिळणाऱ्या पैशांची आजची किंमत काढायला भाड्यासाठी ६ टक्के आणि फ्लॅटसाठी ५ टक्के दर धरला. ८१ वर्षं उरली असतील तर प्रीमियम साधारण ७,३५० पौंड. ७५ उरली असतील आणि तशा लीजवर फ्लॅटची किंमत लांब लीजच्या किमतीच्या ९२ टक्के धरली, तर साधारण १६,६००. त्यातले जवळपास ७,४०० निव्वळ मॅरेज व्हॅल्यूचे. ते ९२ टक्के किती धरायचे, यावरच दोन्ही बाजूंचे व्हॅल्युअर (किंमत काढणारे तज्ज्ञ) सर्वात जास्त भांडतात. म्हणून व्हॅल्युअर त्या भागातले अशा वादांचे निकाल माहीत असलेलाच घ्या. तिथे पैसे वाचवू नका.

२०२४ च्या कायद्यात ९९० वर्षांची वाढ आहे आणि मॅरेज व्हॅल्यू रद्द आहे. पण कायदा मंजूर होणं वेगळं आणि त्यातलं कलम लागू होणं वेगळं. त्यातली एक सुधारणा ३१ जानेवारी २०२५ पासून लागू झाली: फ्लॅट घेऊन दोन वर्षं थांबायची अट गेली. किमतीची कलमं लागू होईपर्यंत हिशोब जुन्याच पद्धतीने. मुदत ८१-८२ वर आली असेल तर नव्या नियमांच्या भरवशावर बसणं मला तरी धोक्याचं वाटतं.

कायदेशीर वाट सुरू होते १९९३ च्या कायद्यातल्या कलम ४२ च्या नोटिशीने. किंमत ठरते ती नोटीस दिल्याच्या दिवसावर, त्यामुळे ८० ची रेषा ओलांडण्याआधी नोटीस पोचली की पुढची घासाघीस वर्षभर चालली तरी मॅरेज व्हॅल्यू लागत नाही. नोटिशीत आपली किंमत लिहावी लागते. ती हास्यास्पद कमी लिहिली तर नोटीसच अवैध ठरू शकते. फ्रीहोल्डर त्या किमतीच्या १० टक्के (किमान २५० पौंड) अनामत मागू शकतो, ती हाताशी ठेवा. त्याला उत्तरासाठी निदान दोन महिने द्यायचे.

उत्तर आल्यावर किंमत जुळली नाही, तर ट्रायब्युनलकडे (असे वाद सोडवणारं न्यायाधिकरण) अर्ज करायचा: उत्तरानंतर दोन महिन्यांनी, पण सहा महिन्यांच्या आत. ही सहा महिन्यांची तारीख चुकली की नोटीस मागे घेतली असं धरलं जातं आणि पुढचे १२ महिने नवी देता येत नाही. ८० च्या काठावरच्या लीजसाठी हा फटका फार मोठा. उत्तरच आलं नाही तर वाट काउंटी कोर्टाची, तिथेही मुदत सहा महिन्यांचीच. या तारखा सॉलिसिटरबरोबर आपल्याही कॅलेंडरवर लिहा. फ्रीहोल्डरचा वाजवी वकिली आणि व्हॅल्युएशनचा खर्च आपल्या माथी येतो, ट्रायब्युनलमधला मात्र त्याचा त्याने करायचा.

कधी फ्रीहोल्डर नोटिशीशिवाय, ‘आपसात मिटवू’ म्हणून प्रस्ताव पाठवतो. घाईत सही करू नका. अशा करारात जुनी मुदत संपेपर्यंत ग्राउंड रेंट चालू राहू शकतो, फक्त वाढीव वर्षांचा शून्य असतो. शिवाय बोलणी फिसकटली तर संरक्षण काहीच नाही, आणि तोवर मुदत घटतच असते.

फ्लॅट विकायचा असेल तर विक्रीआधी नोटीस देऊन तिचा हक्क खरेदीदाराच्या नावे करून देता येतो, मात्र हे विक्रीच्या कागदपत्रांबरोबरच व्हायला हवं. नोटिशीची नोंद लँड रजिस्ट्रीत लगेच करून घ्या, म्हणजे मधल्या काळात फ्रीहोल्डर बदलला तरी ती नव्या मालकावर बंधनकारक राहते.